डॅशबोर्डवरचं चुकलेलं घड्याळ
काल सर्व्हिसिंगहून गाडी घेऊन निघाले, बाहेर संध्याकाळ होत आलेली आणि डॅशबोर्डवरच्या घड्याळात एक वाजलेला, तसं माझं डोकंच फिरलं, कारण तो एक मी चांगला ओळखते. काही वर्षांपूर्वी, ऐन जूनमध्ये, बाबांना हिंदूराव हॉस्पिटलजवळच्या डॉक्टरांकडे नेताना गाडी भर रस्त्यात बंद पडायची. मागून हॉर्नचा भडिमार, आत तापलेल्या सीटचा वास आणि छातीवर हात ठेवून बसलेले बाबा. फरीदाबादचा आमचा मेकॅनिक दर वेळी बॅटरीची वायर काढून परत लावायचा, इंजिनचा दिवा विझायचा, घड्याळ एकवर जायचं आणि तो म्हणायचा, “बिल्कुल ठीक है, मॅडम.” पुढच्या खेपेला त्याने पाना उचलला तशी मी ओरडलेच, “हाथ मत लगाना! पहले मशीन लगाओ.” बिघाड शोधणाऱ्या त्या मशीनने सांगितलं, इंजिनच्या कॉम्प्युटरला गाडी बंद असतानाही जी वीज मिळायला हवी, तीच मध्येमध्ये तुटतेय, आणि हा माणूस दर वेळी बॅटरीची वायर काढून कॉम्प्युटरमधली बिघाडाची नोंदच पुसत आला होता. वायर धरून शोधलं तर करोल बागेच्या बाजारात गाडीला बसवून घेतलेल्या कॅमेऱ्याचा जोड त्याच विजेच्या फ्यूजवर मारलेला, सैल, जळून काळा पडलेला. “छोटी सी बात थी,” तो हसत म्हणाला. मी त्याच्यावर तुटून पडणार, तेवढ्यात मागच्या सीटवरून बाबा म्हणाले, “जाऊ दे गं.” आता जाऊ दे म्हणायला बाबा नाहीत; काल मी गाडी तशीच वळवली आणि गॅरेजच्या दारात आडवी लावली.