मागचा ठोका

आधीच सांगतो, मी संशयी माणूस आहे. रेल्वेत डब्यांची तपासणी करण्यात तीस वर्षं गेली. चाकावर हातोडी मारायची आणि आवाजावरून तडा ओळखायचा. कोणी ‘चाक ठीक आहे’ म्हटलं तरी मी परत ठोकून बघायचो. त्यामुळे अमानवीय वगैरे गोष्टींना मी हसतच आलो... हा अनुभव मात्र मला अजून नीट हसू देत नाही.

आम्ही काशीतल्या ब्रह्मा घाटावरचे. बायको सुधा गेल्या हिवाळ्यात मला ओढून बालाजी घाटावर ताई-ची, म्हणजे तो संथ चिनी व्यायाम, शिकायला घेऊन गेली. शिकवणाऱ्या नलूकाकू सत्तरीच्या, आमच्याच गल्लीतल्या. युनिव्हर्सिटीत नोकरीला असताना एका परदेशी विद्यार्थ्याकडून शिकलेल्या. काशीत राहून चिनी विद्या! मला पहिल्या दिवसापासून त्यात खोट दिसत होती.

त्यात एक जोडीचा सराव असतो. समोरासमोर उभं राहून मनगटाला मनगट लावायचं आणि समोरच्याच्या आत काय चाललंय ते हाताने ‘ऐकायचं’. तिसरा माणूस मागून पाठीवर तळवा ठेवतो, पाठ आखडली तर सांगायला. माझ्या मागे रोज सुधाच असे. काकूंचे नियम साधे होते. जोर नको, घाई नको, श्वास रोकायचा नाही, डोकं तापलं तर त्या दिवशी बंद.

पण श्वासाचं सगळं आपल्याच घरचं, हा आम्हा घाटावरच्या मंडळींचा जुना माज. मुंजीत संध्येबरोबर शिकलेला कुंभक मी गुपचूप त्यात मिसळला. आतली ताकद लवकर यावी म्हणून श्वास कोंडून मनात वीसपर्यंत मोजायचो. महिन्याभरात डोकं तापायला लागलं, झोप उडाली. मी कोणाला बोललो नाही, सुधालासुद्धा नाही.

एकदा मनगट लावताच काकू म्हणाल्या, “श्रीधरराव, मोजणं बंद करा. जिवावर बेतेल.”

मी चपापलो. मग वाटलं, मानेची शीर दिसली असेल. दुसऱ्या दिवशी मफलर गुंडाळून गेलो. धुकं इतकं होतं की गंगाही दिसत नव्हती, वर काकूंचे डोळे मिटलेले. तरी त्यांनी ओळखलं. असं दोन महिने चाललं. शेवटी मी सापळा लावला. एक दिवस श्वास अजिबात कोंडायचा नाही. तरीही काकू ‘रोकताय’ म्हणाल्या, की पितळ उघडं!

त्या सकाळी मी सहज श्वास घेत उभा राहिलो. काकूंनी मनगट लावलं. मग डोळे न उघडता हळूच म्हणाल्या, “मधेच एक ठोका येतच नाहीये... आणि हा तुमचा नाही.”

मी वळून पाहिलं. सुधाचा चेहरा पांढरा पडला होता. “अहो, जरा बसते,” म्हणाली आणि पायरीवर टेकली. तिला कित्येक दिवस चक्कर येत होती. माझं डोकं तापलेलं पाहून तिने ती अंगावर काढली होती. चौथ्या दिवशी तिला पेसमेकर बसवला. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. एकाच्या मनगटावरून दुसऱ्याचा ठोका कळेल का, असं मी विचारलं तर त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

सुधाने काकूंना आधी सांगितलं असेल, असा संशय मी आजही धरून आहे. ती देवाची शपथ घेऊन नाही म्हणते. दुसरा काही खुलासा मला सापडलेला नाही... आणि खरं सांगू, हा संशय सुटला तर मला फार जड जाईल. कारण हॉस्पिटलमध्ये भेटायला आलेल्या काकूंना मी विचारलं होतं, तुम्हाला हे इतके दिवस का नाही कळलं?

त्या शांतपणे म्हणाल्या, “तुम्ही श्वास रोकून रस्ता बंद करत होतात ना. ती बिचारी दोन महिने तुमच्या मागेच उभी होती.”