वळणावरची खुर्ची

गल्लीतल्या निम्म्या पुरुषांनी आयुष्यात एकाच बाईपुढे मान तुकवली होती, आणि तीही दाढीच्या निमित्ताने.

वहिनींचं सलून म्हणजे घराचीच पुढची खोली. दोन आरसे, वरखाली होणारी एक जड खुर्ची, भिंतीशी बाकडं आणि बाकड्याच्या टोकाला दादा, म्हणजे वहिनींचे यजमान. सलून मूळचं दादांचं. पण ऐन उमेदीत त्यांच्या हातांना कंप सुटला. कपातला चहा आपोआप बशीत यायला लागला तशी गिऱ्हाइकं पांगली. तोंडावर कोणी काही बोललं नाही, पण स्वतःची मान कुणाला जड झालेली नसते. तेव्हा वस्तरा वहिनींनी हातात घेतला. शिकल्या कशावर, तर फुग्यावर. दादा फुगा फुगवून द्यायचे, वहिनी त्याला फेस लावून वस्तरा चालवायच्या. फुगा फुटला की दादा बाकड्यावरून गंभीरपणे म्हणायचे, "गेला बिचारा. घरच्यांना कळवा." फुगे फुटायचे थांबले, त्या दिवशी ते स्वतः उठून खुर्चीत बसले आणि डोळे मिटून म्हणाले, "पहिली मान घरची."

शेजारच्या घरात थोरले दीर राहायचे. त्यांना हे सगळं झोंबलं. "घरातल्या बाईने परक्यांच्या गालाला हात लावायचा?"

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "परक्यांच्या गालाला हात नाही लावला, तर घरच्यांच्या तोंडात काय घालू?"

भाऊजी रागारागाने दाढी वाढवून हिंडले. मग एका लग्नाच्या आदल्या दिवशी मुकाट्याने येऊन खुर्चीत बसले. वहिनींनीही मुकाट्याने त्यांच्या गळ्याभोवती टॉवेल बांधला. तेव्हापासून दर रविवारी पहिला नंबर भाऊजींचा.

वहिनींची एकुलती एक लेक परिचारिका झाली. मोठ्या रस्त्यापलीकडच्या रुग्णालयात तिला दुपारपाळी मिळाली होती, पण अजून ती कायम झालेली नव्हती. पाळी संपवून ती घरी यायची तेव्हा अंधार पडलेला असायचा. बसथांब्यावरून गल्ली, गल्लीच्या मध्यावर एक वळण, वळणावर दिव्याचा खांब, आणि पुढे घर. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला नाला, त्यामुळे दुसरी वाटच नाही. इतकी वर्षं ती लागलीही नव्हती.

मग वादळ आलं. पत्रे उडाले, झाडं आडवी झाली, वळणावरचा खांब कमरेत वाकून जमिनीला टेकला. नगरपालिकेने मात्र कमाल केली, मोठा रस्ता बघता बघता आरशासारखा लखलखीत केला. कारण पाहणीला मोठी माणसं येणार होती, आणि मोठी माणसं मोठ्या रस्त्यानेच येतात. रस्त्यावरचे ओंडके, चेपलेले पत्रे, जाहिरातींचे मोडके सांगाडे असा सगळा राडा ट्रकने आणून गल्लीच्या वळणावर ओतला. आपल्या अंगणातला कचरा झाडून शेजाऱ्याच्या दारात लोटावा, तसा.

"इथे कुठे टाकताय?" वहिनींनी मुकादमाला विचारलं.

"तात्पुरतं आहे, बाई."

तात्पुरतं तिथेच राहिलं. ढिगाऱ्याच्या आणि भिंतीच्या मध्ये एक माणूस जाईल एवढी फट उरली. दिवा नाहीच. ढिगाऱ्याआड कोण बसलंय, काय पितंय, हे जवळ जाईपर्यंत दिसायचं नाही.

एका रात्री लेक घरी आली, ती आधी सरळ मोरीत गेली आणि बराच वेळ हात धूत राहिली. मनगटावर निळे वळ उठले होते. जेवणाचा डबा एका बाजूने चेपला होता.

"ओंडक्यामागून हात आला," ती म्हणाली. "मी डबा मारला. बहुतेक नाकावर बसला. मग पळाले."

दादांनी चेपलेला डबा मांडीवर घेतला आणि थरथरत्या हातांनी तो उगाचच सरळ करत बसले.

भाऊजी धावत आले. आल्या आल्या त्यांनी निकाल दिला. "उद्यापासून नोकरी बंद. रस्ता होईल तेव्हा बघू."

"चोर सोडून संन्याशाला फाशी," वहिनी म्हणाल्या. "हात त्याने धरला, आणि घरात हिने बसायचं?"

"मग रोज काय डबे चेपून आणायचे?"

वहिनी उत्तर देणार, तोच लेक म्हणाली, "आई, काकांचं राहू दे गं. मलाच भीती वाटतेय."

दिराला द्यायला त्यांच्याकडे उत्तरं होती, गिऱ्हाइकाला होती, सगळ्या जगाला होती. लेकीच्या भीतीला मात्र एकही नव्हतं.

लेकीने रजा घेतली. मेट्रनबाईंनी फोनवर गोड आवाजात सांगितलं, "काळजी घे. पण जास्त दिवस जागा रिकामी नाही ठेवता येत हं. रांगेत बऱ्याच जणी आहेत." लेकीने फोन ठेवला आणि धुतलेला गणवेश घडी करून कपाटात ठेवून दिला. तो कपाटात गेलेला वहिनींना मनगटावरच्या वळांपेक्षाही जास्त लागला. एकदा कपाटात गेलेली गोष्ट या घरात लवकर बाहेर येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांचा स्वतःचा शाळेचा गणवेशही असाच घडी होऊन गेला होता.

नगरपालिकेने याच आठवड्यात महिलांसाठी सुरक्षा बैठक ठेवली. वहिनी सलूनला कुलूप लावून गेल्या. साहेब तरुण होते, शांत होते आणि बोलायला मधाळ. बायकांनी वळण सांगितलं, ढिगारा सांगितला, दिवा सांगितला, ओंडक्यामागून आलेला हात सांगितला. साहेबांनी सगळ्याला मान डोलावली.

"ढिगारा वादळ कक्षाकडे येतो," ते म्हणाले. "दिवा वीज विभागाकडे. तो इसम पोलिसांकडे."

"आणि तुमच्याकडे काय येतं?" वहिनींनी विचारलं.

"माझ्याकडे जनजागृती."

मग जागृती झाली. प्रत्येक बाईला एकेक प्लास्टिकची शिट्टी मिळाली, लाल दोरीसकट. धोका वाटला की जोरात वाजवायची. शिवाय शक्यतो अंधार पडल्यावर बाहेर पडणं टाळायचं.

"मग पेशंटनाही सांगा साहेब, अंधार पडल्यावर आजारी पडणं टाळा म्हणावं. माझी लेक हॉस्पिटलात नर्स आहे."

बायका हसल्या. साहेबही समजूतदारपणे हसले.

"बरं, शिट्टी वाजवली," वहिनी म्हणाल्या. "येणार कोण?"

"आजूबाजूचे नागरिक."

"म्हणजे आम्हीच."

"लोकसहभाग, ताई. त्याशिवाय काहीच शक्य नाही."

"जखम मांडीला आणि मलम शेंडीला," वहिनी म्हणाल्या, पण तेवढ्यात फोटोवाल्याने सगळ्यांना शिट्ट्या वर धरायला सांगितल्या होत्या.

घरी आल्यावर त्यांनी शिट्टी टेबलावर टाकली. दादांनी ती उचलून स्वतःच्या गळ्यात घातली. "मला असू दे. हात चालत नाहीत, फुंकर चालते."

वहिनींना हसू आलं नाही. 'आजूबाजूचे नागरिक' त्यांच्या डोक्यातून जात नव्हते. वळणावर आजूबाजूला होतं काय? एका बाजूला गोदामाची आंधळी भिंत, दुसऱ्या बाजूला ढिगारा. नागरिक आणायचे कुठून? दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाचे केस कापता कापता त्या मध्येच थांबल्या. बाकड्यावर नंबर लावून बसलेल्यांकडे बघत राहिल्या. एक पेपर वाचत होता, दोघं वाद घालत होते, एक डुलक्या काढत होता.

"तुम्हाला इथेच बसायला हवं असं आहे का काही?" त्यांनी विचारलं.

त्याच संध्याकाळी सलूनची खुर्ची चौघांनी उचलून वळणावर नेली. आरसा ओंडक्याला टेकवला. सगळ्यात जवळच्या घरातल्या शिवणकामवाल्या काकूंनी खिडकीतून लांब वायर सोडून मोठा दिवा दिला. दिवसा सलून घरात, दिवेलागणीला वळणावर. ज्या ओंडक्यामागून तो हात आला होता, त्याच ओंडक्यावर आता गिऱ्हाइकं पाय पसरून सरकारं पाडत आणि उभी करत बसू लागली. ज्यांना कापायला केस उरले नव्हते, तेही येऊन बसायचे. दादा शिट्टी घालून मधोमध.

लेकीला वहिनी 'ये' म्हणाल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मी रोज तिथे आहे. पुढचं तुझं तू बघ." लेक खिडकीतून वळणावरचा उजेड बघायची आणि आत जायची.

नगरसेवक आले ते दाढीच्या निमित्ताने. खुर्चीत रेलून म्हणाले, "वहिनी, वरून विचारणा झाली. भर वाटेत खुर्ची म्हणजे अतिक्रमण हो."

वहिनींनी त्यांच्या तोंडाला फेस लावला. ओठांपर्यंत. ज्याच्याशी नीट बोलायचं असेल, त्याला त्या आधी फेस लावत.

"खुर्ची अतिक्रमण, आणि हा डोंगर कोण?"

"ओ आऊए..."

"तात्पुरता, माहीत आहे. मग खुर्चीही तात्पुरती. डोंगर उठला की खुर्ची उठली. दिवा लागला की माझा दिवा बंद. मान वर करा."

मान वर झाली. एक गाल संपला तशी वहिनींनी वस्तरा पुसला. नगरसेवकांनी धास्तावून आरशात पाहिलं.

"घाबरू नका. अर्धवट कामं तुमच्या ऑफिसात. माझ्याकडे दोन्ही गाल होतात."

ओंडक्यावर हशा पिकला. नगरसेवकही हसले, पण चेहरा पुसून जाताना म्हणाले, "मी माझ्याकडून सांगायचं काम केलं."

दुसऱ्याच संध्याकाळी ट्रक आला. ढिगारा उचला म्हटलं की ज्या ट्रकला डिझेल नाही असं उत्तर मिळायचं, तोच ट्रक, तोच मुकादम. खुर्चीत पेन्शनर मास्तर बसले होते, तोंडाला फेस.

"बाई, खुर्ची न्यायचा हुकूम आहे."

"मला धरून न्या," मास्तर फेसातून म्हणाले.

मुकादम तोंड पाडून उभा राहिला. दादांनी शिट्टी ओठांत धरली आणि सगळा जीव एकवटून फुंकली. दारं उघडली. बायका, म्हातारे, बनियनवर असलेले पुरुष, सगळे बाहेर आले. भाऊजी पायात वेगवेगळ्या चपला घालून आले.

"काय झालं?"

"धोका वाटला," दादा म्हणाले.

कोणी कुणाच्या अंगावर गेलं नाही. वहिनींनी मास्तरांची दाढी पूर्ण केली, खुर्ची पुसली, टॉवेल झटकून खांद्यावर टाकला. ट्रकवरच्या माणसांनी खुर्ची उचलली. एवढ्या मोठ्या ट्रकात ती एकटीच, मिरवणुकीतल्या पुढाऱ्यासारखी ऐटीत निघून गेली.

"झालं समाधान?" भाऊजी म्हणाले. "हात दाखवून अवलक्षण."

"खुर्ची गेली भाऊजी. हात इथेच आहेत."

बोलल्या खऱ्या, पण जीव ट्रकामागे गेला होता. ती खुर्ची दादांनी लग्नाच्याही आधी घेतलेली. त्या खाली बघत सामान गोळा करू लागल्या, तेव्हा त्यांच्या शेजारी कोणीतरी आरसा उचलला. लेक होती. शिट्टी ऐकून तीही अनवाणी धावत आली होती, अंधारातून, थेट वळणापर्यंत. आपण कुठे उभ्या आहोत हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा ती क्षणभर ओंडक्याकडे बघत राहिली. मग आरसा छातीशी धरून म्हणाली, "चल, धर दुसरी बाजू."

सकाळी कपाट उघडं होतं आणि लेक गणवेशावर इस्त्री फिरवत होती.

"आज वळणावर खुर्ची नाही," वहिनी म्हणाल्या.

"तू आहेस ना?"

"मी उभ्याने कापीन."

"मग झालं तर."

संध्याकाळी वहिनी स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची घेऊन निघाल्या. ती एका पायाने जरा लंगडी होती. वळणावर पोचल्या तर शिवणकामवाल्या काकू आपलं स्टूल मांडून बसल्या होत्या, मांडीवर कापड. मास्तर आरामखुर्ची ओढत आणत होते. एकेका घरातून एकेक निघालं. कोणाची प्लास्टिकची, कोणाची ऑफिसातून टाकून दिलेली फिरती खुर्ची. सगळ्यात शेवटी भाऊजी आपली वेताची खुर्ची डोक्यावर घेऊन आले.

"माझी कंबर धरते," ते कुणी न विचारताच म्हणाले. "ओंडक्यावर बसवत नाही."

ट्रक पुन्हा आला. मुकादम खाली उतरला, आणि वळणभर पसरलेल्या खुर्च्या पाहून त्याने डोकं खाजवलं.

"यातली सलूनची कुठली?"

"सगळ्याच," वहिनी म्हणाल्या. "बसा, तुमचेही केस मानेवर आलेत."

"साहेबांना विचारून येतो," मुकादम म्हणाला. ट्रक मागे घेताना त्याला जागा कमी पडली. आपणच टाकलेल्या ढिगाऱ्याला त्याचं मागचं चाक घासलं, आणि खुर्च्यांवरून त्याला भरपूर सल्ले मिळाले.

ढिगारा होता तिथेच होता. वाकलेला खांबही. उद्या हुकूम घेऊन कोण येईल, किती जण येतील, काही सांगता येत नव्हतं. वहिनींनी एकाचे केस संपवले, मान झाडली, आणि पुढच्याला हाक मारणार तोच मोठ्या रस्त्याकडून लेक येताना दिसली. खांद्याला पिशवी, पायात पांढरे बूट. पळत नव्हती. फटीतून आत शिरली, काकूंचं कापड ओलांडलं, भाऊजींच्या पसरलेल्या पायांना म्हणाली, "काका, जरा वाट द्या," आणि येऊन सरळ स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसली.

"ऊठ," वहिनी म्हणाल्या. "गिऱ्हाईक थांबलंय."

"थांबू दे जरा," लेक बुटांच्या नाड्या सोडत म्हणाली. "आज वॉर्डात बसायलाच मिळालं नाही."