म्हाळसाबाईच्या कळपातली भुरी

गारखेड्यात आमच्या गल्लीचा एक नियम आहे. म्हाळसाबाईच्या शेळ्यांना तिला विचारल्याशिवाय कुणी पाला घालायचा नाही. घातलाच तर शिव्या खायच्या. फुलंब्रीकडच्या मेंढपाळांची ही लेक. मेंढ्या केव्हाच गेल्या, रिकाम्या प्लॉटवर दोन शेळ्या उरल्या. पण बाई अजून कळप घेऊनच चालते. पुढं ती, मागं दुनिया.

मी मोर्चांत घोषणा देते, म्हणून ती मला मोर्चेवाली म्हणते. त्या सकाळी तिची हाक आली, "ए मोर्चेवाले! बाहेर निघ! भुरीचा पाय गेला!"

भुरी म्हणजे गल्लीतली मांजर. गाडीखाली सापडून ती शेळ्यांच्या पत्र्याआड येऊन पडली होती. मागच्या पायाचा चेंदामेंदा झालेला आणि जखमेवर माशा बसलेल्या.

"उचला! डॉक्टरकडं चला!" मी ओरडले.

"थांब. हिचा धनी कोण?"

"रस्त्यावरच्या मांजरीला कसला आलाय धनी?"

"धन्याला इचारल्याबिगर दुसऱ्याच्या जित्राबाला हात लावायचा नाय. आमच्यात तसंच हाय."

माझं डोकं फिरलं. इथं जीव चाललाय आणि ही कायदा सांगतेय! पण ती निघालीसुद्धा, दारोदार. मी मागं, पाय आपटत.

समोरच्या सुरेखाताई रोज भुरीचे फोटो स्टेटसला ठेवायच्या, 'आमची भुरी' म्हणून. आज म्हणाल्या, "आमची कुठं? येते-जाते, इतकंच."

"काल पोळी घालताना तर तुमची व्हती," म्हाळसाबाई म्हणाली.

"पोळी घातली म्हणून मालक होतं का कुणी?"

"उंदीर धरायला तुमची, आन् मरायला म्युनिसिपालटीची?" माझा आवाज पार कोपऱ्यापर्यंत गेला.

म्हाळसाबाईनं माझा दंड धरला. "गप गं. भांडून धनी मिळत नसतो."

कुणीच हो म्हटलं नाही. आम्ही परत आलो तेव्हा भुरी धापा टाकत होती. म्हाळसाबाईनं तिचा कान दोन बोटांत धरला, क्षणभर. "थंड पडायली," म्हणाली आणि तरातरा घरात गेली. बाहेर आली ती एका हातात घोंगडी, दुसऱ्यात खंडोबाच्या भंडाऱ्याची पिशवी घेऊन. तिच्या माहेरी नवी मेंढी कळपात घेताना कपाळाला भंडारा लावायचे. लावला की ती आपली, तिचं बरंवाईट आपलं.

तिचा नवरा मल्हारराव दारातून म्हणाला, "अगं, मांजरीला भंडारा? वशाट खाती ती!"

"तुम्ही बी खाता. तुम्हाला लावलाच ना?"

भुरीच्या कपाळावर पिवळा ठसा उमटला. "आता माझी. उचल!"

मग काय! मी भर रस्त्यात आडवी होऊन रिक्षा थांबवली. घोंगडीतून असली गुरगुर येत होती की रिक्षावाला म्हणाला, "अम्मा, बिल्लीच है ना? शेर तो नै?"

"हाकल तू! शेरच हाय!"

दवाखान्यात डॉक्टर मोनिकानं जखम पाहिली. "पाय वाचणार नाही. आजच कापावा लागेल, नाहीतर ही जाईल. मालक कोण?"

"मी," म्हाळसाबाई म्हणाली. मग हळूच, "माझा बाप लंगडी मेंढी ठेवत नसे. कळपामागं हाल हाल होऊन मरती म्हणायचा. तीन पायांवर ही जगंल का?"

"जगेल. पळेल, उडीसुद्धा मारेल."

"थापा नका मारू डॉक्टरीणबाई."

"मेंढी नाही मावशी, मांजर आहे ती."

'हो म्हणा' माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं. बोलायचा हक्क आता धनिणीचा होता.

म्हाळसाबाईनं भुरीच्या डोक्यावरून हात फिरवला. "हिला कुठं कळपामागं पार पिशोर गावापोतर चालायचंय! कापा. पण कपाळाचा भंडारा पुसू नका."

भुरी जगली. जखम भरली, आणि परवा सकाळी, आईशप्पथ, तीन पायांवर तिनं सुरेखाताईंच्या भिंतीवर अशी झेप घेतली की आमची अख्खी गल्ली ओरडली!

सुरेखाताई फोन घेऊन धावत आल्या. "बघा बघा, आमची भुरी!"

"कुणाची?" पत्र्याखालून आवाज आला.

सुरेखाताईंचा हात हवेतच राहिला. "तुमची, मावशी. पोळी घालू का?"

"इचारलंस ना? मग घाल."