वॉकरच्या पायाला कुंकू

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, आजीच्या वॉकरच्या एकाच पायाला कुंकू का लावलंय? त्याची हकीकत अशी.

माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि पाठोपाठ साताऱ्याहून वन्संचा फोन आला. वन्सं म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण. मुलानं नवं घर बांधलं होतं, वास्तुशांतीला यायचंच. "पायाची काळजी करू नगं. खुर्चीत बसवून दोघं उचलून आत न्हेतील."

"वन्सं, मी काय गणपती आहे, उचलून आणायला?"

सगळ्या नातलगांसमोर प्लॅस्टिकच्या खुर्चीतून लोंबकळत जायचं, ही कल्पनाच मला सहन होईना. जाईन तर स्वतःच्या पायांनी, असं मी ठरवलं.

इथे सांगलीत मला चालायला शिकवणारी फिजिओथेरपिस्ट म्हणाली, "जा, पण नियम मोडायचे नाहीत." काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. सपाटीवर आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला. पायरी चढताना मात्र चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. "उलट केलंत आणि पडलात, तर सगळं पहिल्यापासून!"

आजोबा फौजेतून निवृत्त झालेले. त्यांना आयतीच पलटण मिळाली. अंगणात बसून "बायाँ ऊपर! दायाँ साथ!" असे हुकूम सोडायचे. दूध घेऊन जाणारी शेजारीणही त्या तालावर पावलं टाकू लागली.

साताऱ्याच्या घराला दारापुढे तीन पायऱ्या होत्या, बाजूला कठडा. आजोबांनी वॉकर वर नेऊन ठेवला, दारातलं पायपुसणं दूर सारलं. मी उजव्या हातानं कठडा धरला, डाव्या हातात काठी घेतली आणि डावा पाय उचलला.

"आगं आगं, डावा न्हवं!" वन्सं दारातून ओरडल्या. "नव्या वास्तूत डाव्या पायानं येत्यात व्हय? उजवा टाक!"

माझा डावा पाय अधांतरी आणि सगळा भार नव्या गुडघ्यावर.

"आक्का, मधी बोलू नको, पडंल ती!" आजोबा म्हणाले.

"मग आणा की खुर्ची!"

दोन पोरं खुर्ची घेऊन तयारच होती. ती बघून माझं डोकं झटकन चाललं. पाय खाली टेकवून मी विचारलं, "वन्सं, घर कुठून सुरू होतं? पायरीपासून?"

"न्हाई, उंबऱ्यापास्नं."

"मग उंबऱ्यात बघा."

चांगला पाय, मग दुखरा आणि काठी, अशी मी वर चढले. काठी आजोबांकडे देऊन वॉकर धरला. आताच्या घरांचा उंबरा म्हणजे नुसती फरशीची सपाट पट्टी. आणि सपाटीवर दुखरा पाय आधी. म्हणजे उजवाच! तो मी ऐटीत आत टाकला.

वन्संचं समाधान झालं, पण क्षणभरच. वॉकरकडे बघत त्या म्हणाल्या, "पर तुज्या आदी ह्यो आत आला. ह्याचा कंचा पाय पयला पडला?"

"चारी एकदम, आक्का," आजोबा म्हणाले.

"आसलं कसलं गं चालणं!" वन्संनी हळदीकुंकू मागवलं आणि वॉकरच्या पुढच्या उजव्या पायाला बोट टेकवलं.

ती खुर्ची वाया गेली नाही हो. तिचे चारी पाय जमिनीवर आहेत याची खात्री करून मी तिच्यात बसले आणि पोटभर जेवले.