सज्जनबाईची परेड

नारायणगावात सुवालाल शेठच्या घराला दोन दारं होती. पुढच्या दारानं कापडाचं गिऱ्हाईक यायचं आणि मागच्या दारानं दूध. सून सज्जनबाई मागच्या दाराची. लग्नाला सात वर्षं झाली तरी सासऱ्यानं तिचा आवाज ऐकलेला नव्हता. या घराला मारवाड सोडून दोन पिढ्या लोटल्या होत्या, घरात मराठी बोलत, पण सुनेनं सासऱ्यापुढं घुंघट ओढायचा आणि तोंडातून ब्र काढायचा नाही, ही रीत मात्र कुणी वाटेत टाकून आलं नव्हतं. काही सांगायचं असेल तर तिनं नवऱ्याला सांगावं, नवऱ्यानं बापाला. सासू असती तर बरं झालं असतं, पण ती कधीच वारली होती.

नवरा रमणलाल भला माणूस. बापासमोर उभा राहिला की घशाला कोरड पडायची, एवढाच दोष. त्याला इंग्रजीचा नाद होता. पुण्याहून एक जाडजूड शब्दकोश आणला होता, आणि रोज दिवेलागणीआधी ओसरीवर बसून तो एकेक शब्द मोठ्यानं वाचायचा. सज्जनबाई आत निवडत-टिपत ऐकायची. अर्थ कळो न कळो, घरात तेवढाच एक माणूस तिच्या कानावर पडेल असं बोलत होता.

सन एकोणीसशे सातच्या पर्युषणात, जैनांच्या उपासाच्या पर्वात, तिनं उपासाला आरंभ केला. आठ दिवस अन्नाचा कण नाही, फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्य मावळेपर्यंत. याला अठाई म्हणतात. दोन वर्षांत तिची दोन बाळं पोटातच गेली होती. मन कशातच लागत नव्हतं. म्हणून तिनं हे धरलं, कुणाला दाखवायला नव्हे.

अठाईची एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. आठ दिवसांचा नेम एकदम घ्यायचा नाही. रोज सकाळी स्थानकात, म्हणजे साध्वी उतरतात त्या धर्मस्थानी जायचं, चातुर्मासाला राहिलेल्या साध्वी महासतीजींसमोर हात जोडून उभं राहायचं आणि त्या एका दिवसाचा नेम घ्यायचा. झेपत नसेल त्या दिवशी उभं राहायचं नाही, झालं. महासतीजी रोज विचारायच्या, "बाई, साता आहे ना?" साता म्हणजे सुख, समाधान, जिवाला बरं. धर्मानं दार असं सताड उघडं ठेवलं होतं. ते लावून घेतलं माणसांनी.

तिसऱ्या दिवशी सुवालाल शेठला सुनेचा बेत कळला आणि त्यांची छाती फुगली. शेठ वाईट माणूस नव्हता. पण गावात शेजारच्या पेढीवाल्याच्या सुनेनं आदल्या वर्षी अठाई केली होती आणि तिची मिरवणूक निघाली होती, ते त्यांच्या मनातून जात नव्हतं. त्यांनी मंचरला, घोडेगावला, नगरला पत्रं धाडली. वाजंत्री ठरवली. बैलगाडीला मखमलीचं छत करायला टाकलं. आणि वाद्यं वाजवत निघायचं तर परवानगी हवी म्हणून रमणलालला जुन्नरच्या कचेरीसाठी इंग्रजीत अर्ज लिहायला बसवलं.

रमणलालनं कोश काढला. मिरवणुकीला शब्द कुठला घालावा, यावर त्याचं घोडं अडलं.

"प्रोसेशन म्हणजे लोकांनी रांगेनं पुढं जाणं," तो मोठ्यानं वाचत होता. "आणि हा दुसरा, परेड. याचे तीन अर्थ दिलेत. शिपायांना रांगेत उभं करून तपासणं, हा पहिला. शिपाई उभे करायचं मैदान, हा दुसरा. आणि तिसरा, आपल्याजवळचं काही चारचौघांत फिरवून दाखवणं. लोकांनी पाहावं म्हणून."

मग तो म्हणाला, "परेड नको. त्यात दिखाव्याचा वास येतो. आपलं धर्माचं काम." आणि त्यानं प्रोसेशन लिहिलं.

सज्जनबाई आत भिंतीला टेकून बसली होती. तिला वाटलं, नवऱ्यानं नेमका खरा शब्द खोडला.

पाचव्या दिवशी पहाटेपासून तिचं डोकं गरगरत होतं. उपासानं होतं असं बायका म्हणाल्या. मागच्या दारी वारूळवाडीची साळुबाई दूध घेऊन आली. पाच लेकरांची आई, आणि सज्जनबाईची आधीची दोन्ही दुखणी तिनं डोळ्यांनी पाहिलेली. तिनं कळशी खाली ठेवली आणि सज्जनबाईच्या तोंडाकडं टक लावून पाहिलं.

"बाई, ही उपासाची गुंगी न्हाई," ती हळू आवाजात म्हणाली. "कितवा म्हैना चुकला?"

सज्जनबाईनं बोटं मोजली. दोन महिने झाले होते. उपासाच्या नादात तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"आता तरी खा कायतरी. पहिली दोन गेली, ती काय उगाच?"

"आजचा नेम घेतलाय, साळुबाई. उद्या नाही घेणार."

असं ती म्हणाली खरी. त्या संध्याकाळी तिनं रमणलालला सांगितलं. तो आधी हरखला, मग त्याचा चेहरा उतरला.

"बापूजींना हे मी सांगू? माझ्या तोंडानं?" तो म्हणाला. त्या काळी बायकोला दिवस गेल्याची गोष्ट बापापाशी काढणं म्हणजे भर बाजारात धोतर सुटण्यासारखं. "आणि तिसरा महिना सरेपर्यंत बोलू नये म्हणतात. मागल्या खेपेला आपण बोललो आणि काय झालं? तू असं कर, महासतीजींना सांग."

सहाव्या दिवशी सकाळी ती सांगायच्याच निश्चयानं निघाली. पण तपस्विनीला एकटं कोण सोडतंय! दारातच बारा-पंधरा बायका गाणी म्हणत उभ्या. दोघींनी दंड धरले, एकीनं वारा घातला. स्थानकात पाऊल टाकलं तर नगरचे पाहुणे येऊन बसलेले. पुरुषांच्या बाजूला पुढच्या रांगेत सुवालाल शेठ, नवी पगडी घातलेले, डोळ्यांत पाणी.

"बाई, साता आहे ना?" महासतीजींनी विचारलं.

दोनशे डोळे तिच्यावर. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. पण जो आवाज सात वर्षांत सासऱ्यापुढं फुटला नव्हता, तो त्या एका क्षणी कुठून आणायचा? तिचे हात जोडले गेले. तिनं जोडले असं म्हणता येणार नाही. ते जोडले गेले.

दुपारी मागच्या दारी गोवऱ्यांच्या ढिगाआड साळुबाईनं तिच्या तोंडाला दुधाचा पेला लावला. सज्जनबाईनं डोळे मिटून घोट घेतला आणि हुंदका आला म्हणून पदर तोंडात कोंबला. नेम घेऊन सहा तास झाले नव्हते. पोटातल्या जिवासाठी ती प्यायली, यात काही वाद नाही. पण देवाधर्माच्या माणसाला तेवढ्यानं सुटल्यासारखं वाटत नाही. सातव्या आणि आठव्या दिवशीही तेच झालं. सकाळी शंभर माणसांत हात जोडायचे, दुपारी गोवऱ्यांआड दूध प्यायचं.

नवव्या दिवशी सकाळी प्रोसेशन निघालं. अर्ज मंजूर झाला होता. सगळे दागिने घालून तिला मखमलीच्या छताखाली बसवलं. घुंघट त्या दिवसापुरता मागं सारला, कारण तपस्विनीचं तेज लोकांना दिसायला हवं. ज्या बाईचं नख कुणी पाहिलं नव्हतं तिचा चेहरा वेशीपासून बाजारपेठेपर्यंत फिरवला. माणसं पाया पडत होती. कुणी आपलं लेकरू तिच्या पायावर घातलं. तिला वाटत होतं, गाडीतून उडी टाकावी आणि ओरडून सांगावं. पण दोन्ही बाजूंना चार-चार बायका खेटून बसल्या होत्या, आणि वाजंत्र्यांच्या आवाजात ऐकू तरी कुणाला गेलं असतं?

पिंपळापाशी वारूळवाडीच्या बायकांत साळुबाई उभी होती. सगळ्यांनी हात जोडले तसे तिनंही जोडले. सज्जनबाईनं मान खाली घातली ती गाडी घरी येईपर्यंत वर केली नाही. लोक म्हणाले, काय विनय आहे!

फाल्गुनात मुलगी झाली. धडधाकट, टाहो फोडणारी. नाव ठेवलं प्यारी.

पुढची बारा वर्षं सज्जनबाईनं तपस्विनी म्हणून काढली. कुणाच्या घरी लग्न निघालं की पहिलं कुंकू तिच्या हातचं. पर्युषणाच्या शेवटी संवत्सरीला सगळं गाव एकमेकांची क्षमा मागायचं, आणि तिच्याकडं लोक क्षमा मागायला नव्हे, आशीर्वाद घ्यायला यायचे. वर्षभरातले बारीकसारीक दोष ती प्रतिक्रमणात, म्हणजे दोष कबूल करायच्या पाठात, आठवून आठवून म्हणायची. तो एक मात्र घशाशी येऊन परत जायचा. पुन्हा अठाई कर म्हणून लोक मागं लागले, तेव्हा तिनं पित्ताचं निमित्त केलं. म्हणजे आणखी एक खोटं. लेकीकडं पाहिलं की वाटायचं, बरं केलं. स्थानकावरून जाताना वाटायचं, आपण चोर आहोत. दोन्ही खरं होतं, आणि त्या दोन्हींच्या मध्ये तिला हलायलाही जागा नव्हती.

सन एकोणीसशे एकोणीसच्या पर्युषणात सुवालाल शेठनं जाहीर केलं की तपस्विनीची लेक अठाई करणार. प्यारी अकरा वर्षांची. तिला आधी हौस वाटली, कारण आजोबांनी गाडीत बसवायचं कबूल केलं होतं. दुसऱ्या दिवशी ती खेळायची थांबली. तिसऱ्या दिवशी अंथरुणातून उठेना. पण पत्रं गेली होती, वाजंत्री ठरली होती, आणि रमणलाल पुन्हा ओसरीवर अर्ज लिहीत बसला होता. या खेपेला त्याला कोश लागला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी स्थानकात प्यारीला दोन बायकांनी दंडाला धरून उभं केलं. ओठांना पापुद्रे आले होते. तिनं मान वळवून आईकडं पाहिलं. सज्जनबाईला तो दंडावरचा हात ओळखीचा वाटला. बारा वर्षांपूर्वी तो तिच्या दंडावर होता.

ती उठली. सासऱ्यासमोर उभ्या जन्मात पहिल्यांदा तिचा आवाज निघाला, आणि तो फार मोठा निघाला.

"मी अठाई केली नव्हती! सहाव्या दिवसापासून मी दूध प्याले. तिन्ही दिवस प्याले. ही पोटात होती म्हणून प्याले. नेम घेतला तो खोटा, मिरवणूक खोटी. माझ्या पाया पडलात तेही खोटं. पोरीला सोडा!"

आता सुटले, असं तिला वाटलं. आता हाकलतील, थुंकतील, काय वाटेल ते करतील, पण सुटले.

सुवालाल शेठ काठी टेकत उठले. त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"पाहिलंत?" ते पंचांकडं वळून म्हणाले. "लेकरासाठी स्वतःच्या तपावर पाणी सोडायला निघाली. एवढी मोठी तपस्विनी, आणि स्वतःवर खोटा दोष घेते! असा त्याग कुणी पाहिलाय?"

"धन्य, धन्य!" मागून कुणीतरी म्हणालं. मग सगळेच म्हणू लागले. बायका पुढं सरसावल्या आणि तिच्या पायांवर डोकी टेकू लागल्या. "खरं सांगते मी, खरं सांगते," असं ती म्हणत राहिली, आणि ती जितक्यांदा म्हणे तितकी गर्दी वाढत गेली. तिला पाऊल उचलायला जमीन उरली नाही.

महासतीजी तेवढ्या हलल्या नव्हत्या. त्यांनी सज्जनबाईकडं बराच वेळ पाहिलं, मग त्या प्यारीकडं वळल्या.

"बेटा, साता आहे का?"

"नाही," प्यारी म्हणाली. "मला भूक लागलीय."

महासतीजींनी नेम दिला नाही. शेठ काही बोलायला गेले, पण महासतीजींपुढं बोलायची कुणाची प्राज्ञा नव्हती. ठरलेली वाजंत्री रद्द झाली.

घरी जाताना वाटेत लोक थांबून सज्जनबाईला हात जोडत होते. प्यारी तिचा पदर धरून चालत होती. मागच्या दाराशी आल्यावर पोरीनं हळूच विचारलं,

"आई, दूध कुणी दिलं होतं तुला?"

स्थानकातल्या एवढ्या माणसांत हे तिला कुणीच विचारलं नव्हतं. सज्जनबाई तिथंच पायरीवर बसली.

"साळुबाईनं," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा मोकळेपणी रडली.