झाला भोंगा

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांइतका निवडणूक हरायला लायक माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरा जन्मला नाही, हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे. ते रागावत नाहीत. उलट शेजारी बसलेल्याला कौतुकानं सांगतात, "आमची साळी हाय. पुण्याले राह्यते. लय शिकेल हाय." खरं तर ज्याचे आजोबा नगराध्यक्ष, वडील नगराध्यक्ष आणि जो स्वतःही नगराध्यक्ष झाला, त्याला हरणं जमायलाच नको. पूर्वी त्यांच्या दारात कुणी "अध्यक्ष आहेत का?" अशी हाक मारली, की ओसरीतून, माजघरातून आणि न्हाणीतून एकदम तीन "हाव" ऐकू यायचे. शेवटी गावानंच थोरले, मधले आणि धाकले अशी वाटणी करून टाकली. आमचे भाऊजी धाकले अध्यक्ष. आता साठी उलटली, गुडघे कुरकुरतात, तरी धाकलेच. गावाचं नाव मी सांगत नाही. नांदुऱ्याला रेल्वेतून उतरून एस.टी. धरली की येतं, एवढं पुरे. नाव घेतलं तर दोन्ही पार्ट्यांची माणसं पुण्यात माझ्या दाराशी येऊन बसतील आणि मला सगळ्यांना जेवू घालावं लागेल.

भाऊजींना साधं बोलता येत नाही. घरात चौघं जेवायला बसलो तरी पहिला घास घेण्याआधी ते घसा खाकरतात, आणि ताईनं वेळीच डोळे वटारले नाहीत तर "उपस्थित बंधू आणि भगिनींनो" होतंच. घरात नवा फ्रीज आला तेव्हा त्यांनी त्याला लाल फीत बांधली, नारळ फोडला आणि शेजारच्या म्हाताऱ्या काकूंच्या हस्ते उद्घाटन करवलं. नारळाचं पाणी फ्रीजखाली गेलं आणि बिचारा फ्रीज पहिल्याच दिवशी बंद पडला. लग्नाची पत्रिका आली की जायचंच, हा त्यांच्या घराण्याचा कायदा. एकदा सुलतानपूरला एकाच रस्त्यावर दोन मांडव होते. भाऊजी घाईत भलत्याच मांडवात शिरले, अक्षता टाकल्या, आहेर दिला, माईक हातात घेऊन वरपित्याच्या समाजसेवेवर भरभरून बोलले आणि पंगतीला बसल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की इथं आपण कुणालाच ओळखत नाही. "मंग उठले काऊन नाही?" ताईनं विचारलं. "अवं, थो माणूस रडत होता," भाऊजी म्हणाले, "म्हणे माझ्याबद्दल इतकं चांगलं आजपावतर कोणी बोललं नाही. आता त्याले सांगू का, का मी चुकून आलो?" असा हा माणूस. समोरच्याचं मन मोडेल असं खरं त्यांच्या तोंडून बाहेरच पडत नाही, आणि अशा माणसानं राजकारण करू नये असं मला पहिल्यापासून वाटत आलंय.

त्यांच्या घराची खरी गोष्ट मात्र भोंग्याची आहे. नगरपरिषदेच्या गच्चीवर एक भोंगा होता. तो बसवला भाऊजींच्या आजोबांनी, जपला वडिलांनी. रोज दुपारी बाराला तो असा काही ओरडायचा की शिवारात निंदणाऱ्या बायाही त्यावर भाकरी सोडायच्या. घर नगरपरिषदेच्या अगदी समोर. भोंगा सुरू झाला की घरात कुणाला कुणाचं ऐकू यायचं नाही, म्हणून सगळे जिथल्या तिथं थांबायचे आणि तो संपला की अर्ध्या शब्दापासून पुढं बोलायला लागायचे. तीन पिढ्यांचं हे इतकं अंगवळणी पडलेलं, की ताईला बघायला ही मंडळी आमच्याकडे डोणगावला आली तेव्हा भलतीच पंचाईत झाली. बोलणी रंगात आली होती. भाऊजींचे वडील, म्हणजे मधले अध्यक्ष, म्हणाले, "आम्हाले मुलगी पसं—" आणि थांबले. आजोबा थांबले, भाऊजी थांबले, सगळे समोर बघत गप्प. आमच्या बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. आईनं दाराआडून मला चिमटा काढला. डोणगावात कुठला आलाय भोंगा! पण घड्याळात बारा वाजलेले. बऱ्याच वेळानं मधले अध्यक्ष "—त हाय" म्हणाले आणि आमच्या घरात जीव आला. त्या दिवसापासून आम्ही बहिणी त्यांना आपसात भोंगेवाले म्हणतो.

गावातली समोरची पार्टीही त्यांना भोंगेवालेच म्हणायची, पण ते आमच्यासारखं मायेनं नव्हे. भाऊजी निवडून आले तेव्हा ही मंडळी चौकाचौकात म्हणत होती, बापाच्या भोंग्यावर निवडून आला, याचं स्वतःचं काय आहे? भाऊजींना ते लागलं. आपणही काही आपल्या डोक्यानं करून दाखवावं असं त्यांच्या मनानं घेतलं. तेवढ्यात दवाखान्यातल्या पेशंटांना त्रास होतो, पोरांच्या अभ्यासात खंड पडतो, असा अर्ज आला. ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल, आता भोंगा हवा कशाला? थोरले अध्यक्ष नुकतेच वारले होते आणि मधले अध्यक्ष अकोल्याला लेकीकडे गेले होते. ते गावात असते तर भाऊजींची छाती झाली नसती. त्यांनी सभेत ठराव मांडला, दोन्ही पार्ट्यांनी बाकं वाजवली आणि भोंगा बंद झाला. बाबा आले की शांतपणे समजावून सांगू, असं भाऊजींनी ठरवलं होतं. पण मधल्या अध्यक्षांना अकोल्यातच लकवा झाला आणि बऱ्याच दिवसांनी त्यांना घरी आणलं ते उचलून. डावं अंग गेलेलं. जीभ जड झालेली, तरी हुकूम सोडण्यापुरती शाबूत.

पहिल्याच दुपारी ताई ताट घेऊन गेली तर म्हातारा तोंड उघडेना. "भोंगा नाही झाला," एवढंच म्हणे. एक वाजला, दीड वाजला. जेवण नाही म्हणून गोळी नाही. भाऊजी दारात उभे. डॉक्टरांनी बजावलं होतं की यांच्या मनाला धक्का लागू देऊ नका, आणि इथं सांगायचं काय, तर तुमच्या बापानं बसवलेला भोंगा तुमच्याच पोरानं बंद केला! ते तसेच धावत नगरपरिषदेच्या गच्चीवर गेले, खटका दाबला. इतके दिवस पडून राहिलेली मोटार घुरघुरली, धूर निघाला आणि कायमची बसली. नवी आणायची तर पुन्हा सभा, पुन्हा ठराव, आणि तो गावभर गाजून आतल्या खोलीपर्यंत पोचणार. मग भाऊजींना आगीचा बंब आठवला. त्याचे ड्रायव्हर शब्बीरभाई, भाऊजींच्या शाळेतले सोबती. दुसऱ्या दिवशी बाराच्या ठोक्याला शब्बीरभाईंनी बंब घरामागच्या बोळात आणला आणि सायरन दिला. अख्खा बोळ "आग, आग" करत बादल्या घेऊन बाहेर आला. आत मधल्या अध्यक्षांनी तोंड उघडलं. ताईनं वरणभाताचा घास भरवला आणि भाऊजी बाहेर येऊन नळाशी बसून लहान पोरासारखे रडले, असं शब्बीरभाईंनी मला पुढं सांगितलं.

मग ते रोजचंच झालं. बोळातल्या बायांनी चार दिवस पाहिलं आणि पाचव्या दिवशी हंडे घेऊन आल्या. आठवड्यातून एकदा नळ येणारं गाव ते, पाण्यानं भरलेला बंब तसाच परत पाठवायचा म्हणजे पाप. शब्बीरभाई म्हणायचे, "अध्यक्षसाहेब, आग लागली तर?" भाऊजी म्हणायचे, "बाया असताना आगीले भेतं काय बे? सगळ्यांच्या घरी हंडे भरेल हायेत." भेटायला येणाऱ्याला ताई दारातच अडवायची, भोंग्याचं नाव काढायचं नाही अशी शपथ घ्यायला लावायची आणि मगच आत सोडायची. मी सुट्टीत गेले तेव्हा माझ्याकडूनही घेतली. हसू येत होतं, पण त्या खोलीत गेले आणि बाराच्या सुमारास म्हाताऱ्याचे दाराकडे लागलेले डोळे पाहिले, तेव्हा माझंही बोलणं थांबलं.

निवडणूक आली. समोरच्या पार्टीला आयतंच सापडलं. धाकले अध्यक्ष सरकारी बंबानं फक्त आपल्या बोळात पाणी वाटतात! सभा घराजवळच्या चौकात, कर्णे खांबाखांबाला. "बंब रोज बारा वाजता तिथं कशाले जाते, ते एकदा सांगा म्हणाव!" असं भाषण दणादणा आदळत होतं. मी तेव्हा तिथंच होते. ताई भाऊजींना म्हणाली, "अहो, सांगून टाका ना. एका वाक्याचं काम हाय. आजारी बापासाठी केलं म्हणा, गाव डोक्यावर घेईल." भाऊजींनी आतल्या खोलीकडे पाहिलं. "माईकचा आवाज आत जाते," ते म्हणाले. एवढंच. दुसऱ्या दिवशी त्याच चौकात त्यांची सभा झाली. रस्ते झाले, नाल्या झाल्या, शाळेची भिंत झाली, सगळ्यावर बोलले. खालून पोरं ओरडत होती, "बंबाचं बोला, बंबाचं!" आयुष्यभर जेवणाच्या ताटापुढं भाषण करणारा हा माणूस त्या एका प्रश्नावर माईक खाली ठेवून उतरला. मला त्यांचा इतका राग आला होता की रात्री मी त्यांच्याशी बोलले नाही.

पडलेच. अकरापर्यंत निकाल कळला आणि गुलाल आमच्या दारावरून पुढं गेला. मी पुण्याहून आणलेले पेढे पिशवीतच राहिले. साडेअकराला शब्बीरभाई पायीच आले, बंब आता बोळात न्यायचा नाही असा त्यांना नगरपरिषदेतून हुकूम झाला होता. टोपी हातात घेऊन ते ओसरीच्या कडेला बसले. भाऊजी म्हणाले, "तुले काय झालं बे? पडलो मी हाय." मग बारा वाजले. सवयीनं आम्ही सगळेच गप्प झालो. ताई ताट हातात घेऊन आतल्या दाराशी उभी. बोळात एक कुत्रं भुंकत होतं, बाकी काही आवाज नाही. भाऊजी उठले. सदरा खाली ओढून नीट केला. आता आत जाऊन सांगणार, हे आम्हा सगळ्यांना कळलं, आणि ते उंबऱ्यापर्यंत पोचले तेवढ्यात आतून जड जिभेचा आवाज आला.

"सूनबाई, वाढा. झाला भोंगा."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. भाऊजी उंबऱ्यातच थबकले. म्हाताऱ्यानं मान वळवून आपल्या पडलेल्या पोराकडे एकदा बघितलं, धड राहिलेल्या हातानं त्याला जवळ बस म्हणून खूण केली आणि म्हणाला, "आज लय साफ आला आवाज. आणि त्या शब्बीरले चहा पाजा, रोज बिनचहाचा जाते थो."

मधले अध्यक्ष त्यानंतर पावसाळाभर होते. रोज बाराला तेच म्हणायचे, वाढा, झाला भोंगा. कधीपासून ठाऊक होतं, हे त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. भाऊजी पुन्हा निवडणुकीला उभे राहिले नाहीत. मधे प्रशासक आले. पुढं सीट महिलेसाठी सुटली तेव्हा पार्टीची माणसं ताईकडे हार घेऊन आली. ताई म्हणाली, "एका घरात एक भोंगा पुरे झाला," आणि चहा देऊन त्यांची बोळवण केली. नगरपरिषदेच्या गच्चीवर तो जुना कर्णा अजून आहे म्हणे, पारव्यांनी त्यात घर केलंय.

मी इथं पुण्यात अकराव्या मजल्यावर राहते. दिवसभर खाली हॉर्न वाजत असतात, पण त्यातल्या एकावरही कुणी जेवायला बसत नाही. मला त्या ओसरीची, ताईच्या वटारलेल्या डोळ्यांची, एकाच वेळी गप्प होणाऱ्या त्या माणसांची फार आठवण येते. परवा भाऊजींचा फोन आला. गुडघ्याचं सांगत होते, शब्बीरभाईंच्या नातीच्या लग्नात केलेल्या भाषणाचं सांगत होते, आणि "अवं, लोक इतके टाळ्या वाजवू राह्य—" म्हणून मधेच थांबले. फोन तुटला नव्हता, त्यांचा श्वास ऐकू येत होता. मीही थांबले.

"—ले का बस," ते म्हणाले. मग म्हणाले, "झाला बाई भोंगा. जेवून घे."

"आवाज आला?" मी विचारलं.

"हाव तं. तुले नाही आला?"

"आला," मी म्हटलं, आणि पान वाढून घेतलं.