विषप्रयोगाची खबर आणि आशाताईचा कागद

मे महिन्यातली ती दुपार विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. मी तेव्हा पोलादपूर तालुक्यात नेमणुकीस होतो. एक वाजून दहा मिनिटांनी ठाण्यात फोन आला. डोंगरातल्या एका वाडीतून भावकीतलाच माणूस बोलत होता.

"साहेब, थोरल्यानं धाकट्याला विष घातलंय. सकाळीच बांधावरून वाजलंय दोघांचं. धाकटा बरळतोय, झटके देतोय. लवकर या."

ठाणे अंमलदाराने नोंद घेतली आणि दोन शिपाई घेऊन मी निघालो. चढाचा रस्ता, चाळीस मिनिटं. तेवढ्यात मी मनाशी आरोपी, कारण आणि कलम ठरवूनही टाकलं होतं.

वाडीत पोहोचलो तर थोरल्याला लोकांनी पडवीच्या खांबाला बांधून ठेवलेलं. आंब्याखाली धाकटा उघड्या अंगाने पडलेला, वर ओलं लुगडं. दोन बाया सुपांनी वारा घालत होत्या, तिसरी हंड्यातून पाणी शिंपडत होती. वाडीची आशाताई, म्हणजे सरकारी योजनेतली आरोग्य कार्यकर्ती, पस्तिशीची बारीक बाई, शेजारी घडी केलेल्या गोधडीवर बसली होती. रुग्णाची आई तिच्यावर ओरडत होती, "तापानं फणफणलंय पोर आणि ही त्याला भिजवते. गोधडी घाल गो, घाम निघू दे."

"घाम यायचा थांबलाय, आते. म्हणून तर काढली."

एक म्हातारा म्हणाला, "तू काय डॉक्टर हाय काय गो?"

"नाय. पर गोधडी देणार नाय."

कोणी तोंडात पाणी ओतायला गेलं की ती हात धरायची. "शुद्ध नाय त्याला. छातीत जाईल."

मला तिने वहीचा कागद दिला. पेन्सिलीने लिहिलेलं: १.२५, ताप १०६, कातडी कोरडी, बरळतो. १.३५, १०५. १.४५, १०३.६. सकाळपासून उन्हात. मुंबईहून कालच आला.

"साहेब, हे विष वाटत नाय. ऊन लागलंय. जीप हाय तर महाडला न्या, वाटेत भिजवत राहा."

नेलं. खिडक्या उघड्या ठेवल्या, वाटेत दोनदा हंडा भरून घेतला. पण विषाची खबर होती, म्हणून लोक त्याला जीपमध्ये चढवेपर्यंत घाईत पंचनामा केला, पडवीतली कीटकनाशकाची बाटली आणि कोकम सरबताचा तांब्या जप्त केला आणि थोरल्याला एका शिपायाबरोबर ठाण्यात पाठवलं.

महाडहून परतल्यावर ठाण्यात थोरल्याची चौकशी सुरू केली.

"बाटली कसली?"

"भातावरच्या औषधाची. गेल्या सालची. रिकामी हाय."

"भांडण कशावरून?"

"बांधाचं निमित्त, साहेब. मीच हिणवलं त्याला. म्हटलं, मुंबईच्या एशीत बसून तुझा बर्फ झालाय, उन्हात वितळशील. राब भाजायला मग तोच पुढं झाला."

राब भाजणे म्हणजे भाताच्या रोपांची जागा पालापाचोळा, शेण टाकून जाळणे. वर ऊन, समोर जाळ. धाकटा मॉलमध्ये रखवालदार. बारा महिने थंड हवेत उभा राहणारा माणूस पहिल्याच दिवशी सहा तास त्या जाळाशी होता.

"सरबत?"

"दोनदा नेलं. घेतलंच नाय. रागात होता."

मी पंचनामा पुन्हा वाचला. माझ्याच अक्षरात होतं: तांब्या काठोकाठ भरलेला. बाटलीच्या बुचावर वर्षाची धूळ, आत काही नाही. या दोन ओळी आणि ताईचा कागद शेजारी ठेवले, तेव्हा माझं कलम निकालात निघालं. संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला: उष्माघात, विषाची लक्षणं नाहीत, वेळेत गार केला म्हणून वाचला. शुद्धीवर आल्यावर धाकट्यानेही तेच सांगितलं, "दादाचा काय दोष नाय. मीच हट्टानं प्यायलो नाय."

थोरल्याला सोडलं. तो घरी न जाता थेट रुग्णालयात गेला.

जबाब घ्यायला वाडीत गेलो तेव्हा ताईला विचारलं, एवढ्या लोकांपुढे धीर कसा झाला?

"धीर कसला, साहेब. भ्या वाटत होतं, कोणी गोधडी ओढून त्याच्यावर घालील. म्हणून तर गोधडीवर बसले."

आता त्या वाडीत राबाचं काम सकाळी नऊला थांबतं. मुंबईहून आलेल्याला पहिला आठवडा सावलीतली कामं देतात, आणि शेतावर ताकाचा हंडा माणसांच्या आधी पोहोचतो. हे नियम तिनेच घरोघर भांडून लावले. मीही एक सवय लावून घेतली. उन्हात कोणी झिंगलेला, बरळणारा दिसला की दारूचा वास घेण्याआधी त्याच्या कपाळाला हात लावायचा.

माझ्या सेवापुस्तकात बक्षिसांच्या सतरा नोंदी आहेत. एकाच कामाने एक माणूस मरणातून आणि दुसरा कोठडीतून सुटला, अशी त्यात एकही नाही. ते काम त्या बाईचं होतं. त्याची नोंद कुठल्याच दप्तरात झाली नाही, म्हणून इथे करतो.